तांडेल आणि पखवाजी यांचा विमा : कोकणातल्या कसबी माणसासाठी पहिल्या कागदापासून दाव्यापर्यंत

माघातली जत्रा होती. रात्री साडेदहाच्या सुमारास देवळामागे टेम्पोतून पेटारा उतरवताना मागचा फाळका सुटला आणि आमच्या दशावतारी मंडळाच्या पखवाजीच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आला. नाटक त्या रात्री झालं. झांजवाल्याच्या पोराने पखवाज कसाबसा रेटला. बोट मात्र वाचलं नाही, तिन्ही पेरं काढावी लागली.

त्याची पाच लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी होती. मंडळाचे हिशेब मी बघतो, म्हणून दाव्याचे कागदही मीच भरले. पॉलिसीच्या मागच्या पानांवर एक तक्ता असतो : कुठला अवयव गेला तर विम्याच्या रकमेच्या किती टक्के. अंगठ्याची दोन्ही पेरं, २५ टक्के. तर्जनीची तिन्ही पेरं, १० टक्के. मधलं बोट ६, अनामिका ५, करंगळी ४. दहा टक्क्यांचे पन्नास हजार रुपये वेळेवर आले. कोणी फसवलं नाही, कोणी अडवलं नाही. पण शाईच्या बाजूची बोलांची नजाकत त्या बोटाशिवाय येत नाही, आणि वीस वर्षं हाताला बसलेली विद्या त्या रात्री संपली. तक्त्याच्या लेखी पखवाजीचं बोट आणि माझं, पेन धरणाऱ्याचं बोट, एकाच किमतीचं.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. मंडळासाठी घेतला, मग मालवणातल्या मामेभावाच्या मासेमारी बोटीवरच्या तांडेलासाठीही (तांडेल म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या). मी विमा विकत नाही. खाली लिहिलंय ते कागद हाताळून आलेलं आहे, आणि आपल्याकडच्या बोटमालकांनी, मंडळांनी, कलमं-रोपवाटिकावाल्यांनी ते वेळेत वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाजार असा का आहे, हे आधी समजून घ्या

लंडनच्या कॉफीच्या चवी घेणाऱ्या एका माणसाच्या जिभेचा २००९ मध्ये १ कोटी पौंडांचा विमा उतरवला गेला, ही बातमी तेव्हा जगभर छापून आली होती. तो विमा लॉइड्सच्या बाजारातला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजवाल्यांच्या गर्दीच्या एका कॉफीघरात तो बाजार सुरू झाला. तिथे एखादा जोखीमदार उठून म्हणू शकतो की या जिभेची जोखीम मी एवढ्याला घेतो. मग कुडाळात बसून आपल्या गायकाच्या गळ्याचा विमा का मिळत नाही?

कारण बाजाराचा आकार नियम ठरवतात. आपल्याकडे १९३८ चा विमा कायदा आणि १९९९ च्या कायद्याने उभा राहिलेला नियामक, म्हणजे आयआरडीएआय, यांच्या चौकटीत काम चालतं. थेट परदेशी कंपनीकडून असा विमा घ्यायची मोकळीक तुम्हा-आम्हाला नाही. इथल्या कंपनीने पॉलिसी द्यायची, आणि तिला जोखीम जड वाटली तर तिने पुनर्विमा घ्यायचा, म्हणजे त्या जोखमीचा विमा दुसऱ्या कंपनीकडे उतरवायचा. लॉइड्स २०१७ पासून मुंबईत आहे, पण पुनर्विमा देणारा म्हणून. त्यामुळे गावच्या गायकाला विकायला त्याच्याकडे काही नाही.

सक्तीचा परिणाम तर डोळ्यांसमोर आहे. आमच्या टेम्पोचा थर्ड पार्टी विमा चोख भरलेला होता, कारण मोटार कायद्याने तो सक्तीचा आहे. टेम्पोत बसून जत्रेला जाणाऱ्या चौदा माणसांच्या विम्याची सक्ती कोणी केलेली नाही, आणि म्हणून पॉलिसी फक्त तिघांकडे होती. आंब्याचंही तेच. हवामानावर आधारित फळपीक विमा सरकारने योजना म्हणून आणला, अनुदान दिलं, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचे आकडे हा निकष ठरवला, म्हणून हापूसच्या बागेचा विमा गावोगाव पोचला. त्याच बागेत झेला घेऊन उंच फांदीवर चढणाऱ्या गड्याचा विमा काढलेली बाग मला शोधावी लागते. नारळाच्या झाडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा योजना आहे आणि हप्त्याचा मोठा भाग मंडळ भरतं. आपल्याकडचे किती पाडेली त्यात आहेत, हे एकदा आपापल्या वाडीत विचारून बघा.

नियम दार बंद करतात तसं उघडतातही. २०२१ च्या जानेवारीपासून प्रत्येक आयुर्विमा कंपनीला ‘सरल जीवन बीमा’ हा साचेबंद टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच रक्कम देणारा) विकणं नियामकाने भाग पाडलं : ५ ते २५ लाखांपर्यंत, आणि व्यवसाय, शिक्षण किंवा राहण्याचं ठिकाण पाहून नकार द्यायचा नाही. समुद्रावर जाणाऱ्या, सातवी शिकलेल्या खलाशाला याआधी टर्म विमा मागताना काय उत्तरं मिळायची ते बंदरावर कोणालाही विचारा. पहिल्या ४५ दिवसांत फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो, एवढं लक्षात ठेवायचं.

पहिली पायरी : कोण थांबला तर काय थांबेल, ते आकड्यात लिहा

मामेभावाचं म्हणणं साधं होतं. “तांडेल नाय तर बोट म्हणजे नुसता लाकूड.” ते खरं आहे. जाळं सगळ्यांकडे असतं, इंजीन सगळ्यांकडे असतं. रात्री पाण्याची चमक बघून बांगड्याचा थवा कुठल्या अंगाला वळलाय ते ओळखणारा एकच असतो. पण विमा कंपनीपुढे हे वाक्य चालत नाही, आकडा लागतो. आम्ही असा काढला. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे असतील.

समजा डिझेल, बर्फ, रेशन आणि खलाशांचे वाटे जाऊन मालकाला महिन्याला सरासरी दीड लाख राहतात. बदली तांडेल आणला तर मासळी तिसऱ्या हिश्शाने घटेल असं धरलं, म्हणजे महिन्याला पन्नास हजारांचा खड्डा. १ जून ते ३१ जुलै बंदीचे दोन महिने सोडून हंगाम दहा महिन्यांचा. नवा माणूस रुळायला एक हंगाम जातो, म्हणजे पाच लाख. तांडेलाला आधी दिलेली उचल दोन लाख. एकूण सात. मालकाचं नुकसान एवढं.

तांडेलाच्या घरचं नुकसान ही वेगळी रक्कम आहे, आणि ती दुसऱ्या पानावर मांडायची. त्याच्या वर्षाच्या कमाईच्या दहा-बारा पट रक्कम घरच्यांना लागेल, असं साधारण धरतात. हे दोन आकडे एकत्र केले की गोंधळ सुरू होतो. मालक म्हणतो, “मी त्याचा विमा काढलाय”, घरच्यांना वाटतं आपल्याला मिळेल, आणि पॉलिसी निघते मालकाच्या नावावर. हा प्रसंग मी पाहिलाय. बाराव्याच्या दिवशी घराच्या पडवीत त्या कागदावरून झालेलं बोलणं मला अजून आठवतं.

मंडळात राजपार्टी नट (राजाच्या भूमिका करणारा), स्त्रीपार्टी नट, पेटी आणि पखवाज अशी चार नावं आम्ही लिहिली. संकासुर करणारा लोकांचा लाडका आहे, पण तो नसला तर नाटक अडत नाही. राजपार्टी नट नसला तर सुपारीच, म्हणजे ठरलेला प्रयोगच, हातची जाते. दशावतारात लिहून ठेवलेले संवाद नसतात, तो उभ्या उभ्या रचतो. त्यामुळे त्याच्या जागी दुसऱ्याला पाठ करून उभं करता येत नाही.

दुसरी पायरी : कोण कोणाचा विमा काढू शकतो

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक भलत्याच माणसांच्या जिवावर विमा काढायचे. नामवंत आजारी पडला की त्याच्यावर पैजा लागायच्या. १७७४ च्या कायद्याने ते बंद केलं : ज्याच्या जाण्याने तुमचं खरोखर नुकसान होईल त्याचाच विमा तुम्ही काढू शकता. याला विमायोग्य हितसंबंध म्हणतात. आपल्याकडेही तेच तत्त्व चालतं, पैजेचा करार आपल्या करार कायद्यातही रद्दबातलच आहे. म्हणून जत्रेच्या समितीला आमच्या राजपार्टी नटाचा आयुर्विमा काढता येत नाही, पण मंडळाला काढता येतो. आता यातले मार्ग.

धंद्याने स्वतःच्या नुकसानीसाठी काढायचा तो कीमॅन विमा. हप्ता धंदा भरतो, पैसे धंद्याला मिळतात. एकट्याच्या नावावरचा धंदा असेल तर मालकाला स्वतःचा कीमॅन काढता येत नाही, त्याच्या कामाच्या माणसाचा येतो. १९६१ च्या आयकर कायद्यातली व्याख्या उदार आहे : तो माणूस नोकरच असायला हवा असं नाही, धंद्याशी कोणत्याही प्रकारे जोडलेला असला तरी चालतो. वाट्यावर काम करणारा तांडेल त्यात बसतो. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएकडून नव्या आकड्यांनी खात्री करून घ्या.)

हप्ता धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो, आलेली रक्कम धंद्याचं उत्पन्न म्हणून करपात्र होते. ‘विम्याचे पैसे करमुक्त’ हे इथे लागू नाही. यालाही इतिहास आहे. एके काळी कंपन्या संचालकाच्या नावाने बचतीच्या जाड पॉलिस्या कीमॅन म्हणून घ्यायच्या, हप्त्यावर करसवलत घ्यायच्या आणि काही वर्षांनी पॉलिसी त्याच संचालकाच्या नावावर करून द्यायच्या. शेवटची रक्कम त्याला करमुक्त. नियामकाने कीमॅनसाठी निव्वळ टर्म विमाच ठेवला आणि २०१३ च्या वित्त कायद्याने नावावर करून दिलेली पॉलिसीही कीमॅनच धरली जाईल असं ठरवलं. पळवाट बुजली, आणि त्यासोबत हा विमा उत्साहाने विकणारेही कमी झाले. तालुक्याच्या ठिकाणी ‘कीमॅन’ म्हटल्यावर एजंट गप्प होतो त्याचं एक कारण मला हेच वाटतं, टर्म विम्यात त्याला दलाली फारशी सुटत नाही.

घरच्यांसाठीचा विमा त्या माणसाने स्वतःच्या नावावर काढावा, हप्ता हवा तर मालकाने द्यावा. इथे एक गोष्ट अर्ज भरतानाच करायची, नंतर होत नाही : १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घ्यायची. मग ती रक्कम पत्नी आणि मुलांची विश्वस्त रक्कम होते, नवऱ्याच्या सावकारांना तिच्यावर हात टाकता येत नाही. ज्याच्या डोक्यावर उचल आहे, सोसायटीचं कर्ज आहे, त्याच्या बायको-पोरांसाठी एवढं मोठं कवच दुसरं नाही. अर्जावर त्यासाठी वेगळं पान असतं. एजंटने नाही काढलं तर मागून घ्या.

तिसरा मार्ग गटाचा. मंडळ, मच्छीमार सहकारी सोसायटी, बचत गट यांना एका पॉलिसीत सगळ्यांचा अपघात विमा घेता येतो. अट अशी की गट आधीपासून दुसऱ्या कामासाठी अस्तित्वात हवा, केवळ विमा घ्यायला जमवलेला गट नियमात बसत नाही. म्हणून नोंदणीचा कागद आणि जुन्या सभांची इतिवृत्तं जपून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, गटाच्या पॉलिसीवर तो लागतो. दर ताडताना हे धरा.

तिसरी पायरी : कसब कागदावर आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. कीमॅनसाठी कंपनी धंद्याची तीन वर्षांची ताळेबंद-नफातोटा पत्रकं, आयकर विवरणपत्रं आणि त्या माणसाला मिळणाऱ्या पैशाचा पुरावा मागते. किती रकमेचा विमा द्यायचा याचे ठोकताळे असतात, उदाहरणार्थ सरासरी निव्वळ नफ्याच्या पाच पट किंवा त्या माणसाच्या वार्षिक मोबदल्याच्या दहा पट, यातलं कमी ते. कंपनीगणिक हे बदलतात. पण सगळ्यांचं मूळ एकच, कागदावरचा नफा आणि कागदावरचा मोबदला.

आपल्याकडे वाटा किनाऱ्यावर रोख वाटला जातो. मासळीचा लिलाव होतो, वहीत खर्च वजा होतो, नोटा मोजल्या जातात. दहा लाख कमावणारा तांडेल कागदावर शून्य कमावतो. त्याचा विमा शून्याच्या दहा पट होतो.

म्हणून नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीपासून हे करा. वाटा बँकेत द्या, निदान मोठा भाग तरी. तांडेलाशी साधं करारपत्र करा : कोणत्या बोटीवर, कोणत्या हंगामासाठी, वाट्याचं प्रमाण काय, उचल किती दिली. त्याला विवरणपत्र भरायला लावा, कर शून्य असला तरी. बोटीचा किंवा मंडळाचा धंदा सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवा, त्याचा उपयोग शेवटच्या पायरीत कळेल. आमच्या मंडळात नाइटचे, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे, पैसे पूर्वी पाकिटातून जायचे. आता यूपीआयने जातात, आणि राजपार्टी नटाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वर्षाचं उत्पन्न कळलं.

चौथी पायरी : पॉलिसीतल्या व्याख्या, शब्दन् शब्द

तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्ही लागतात : माणूस गेला, माणूस अपघाताने निकामी झाला, माणूस आजाराने निकामी झाला.

गेला, तर टर्म विमा. यात फार वाचायचं नसतं.

अपघात. इथे नियामकाचीच साचेबंद ‘सरल सुरक्षा बीमा’ पॉलिसी २०२१ च्या एप्रिलपासून आहे, अडीच लाख ते १ कोटी. मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व आणि कायमचं अंशतः अपंगत्व तिच्यात मुळातच येतं. तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा फायदा जास्तीचा हप्ता भरून घ्यावा लागतो, आणि कसबी माणसाने तो घ्यावाच असं माझं मत आहे. तांडेलाचा पाय मोडला तर तो तीन महिने घरी बसतो आणि बरा होतो. कायमच्या अपंगत्वाच्या तक्त्यात त्याला काही नाही, पण हंगामाचा ऐन काळ गेला.

मग ‘पूर्ण अपंगत्व’ म्हणजे काय ते वाचा. काही पॉलिसींत लिहिलेलं असतं की माणूस कोणतंही काम करण्यास असमर्थ हवा. पेटीवाल्याची दोन बोटं आखडली तरी तो दुकानाच्या गल्ल्यावर बसू शकतो, म्हणजे त्या व्याख्येत तो धडधाकट. ‘स्वतःचा नेहमीचा व्यवसाय करण्यास असमर्थ’ असे शब्द असतील ती पॉलिसी निवडा, हप्ता जास्त असला तरी. आणि टक्क्यांचा तक्ता सही करण्याआधी मागून घ्या. तुमच्या माणसाचं पोट ज्या अवयवावर आहे त्यापुढचा आकडा बघा आणि विम्याची एकूण रक्कम त्या आकड्यावरून उलटी काढा. आमच्या पखवाजीला त्या बोटासाठी पाच लाख हवे होते तर दहा टक्क्यांच्या हिशेबाने पॉलिसी पन्नास लाखांची लागली असती. उत्पन्नाचा पुरावा नसताना ती मिळाली नसती, हे ओघाने आलंच. पुन्हा तिसरी पायरी.

आजार. गाणाऱ्याचा, दशावताऱ्याचा गळा बहुधा अपघाताने जात नाही. रात्रीची जागरणं, थंडी, ओरडून बोलणं यांनी स्वरतंतूंना गाठी येतात. अपघात पॉलिसीत हे येत नाही. गंभीर आजाराच्या पॉलिसीत ‘वाचा जाणे’ असं एक कलम असतं खरं, पण त्याची व्याख्या नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठरवलीय : बोलण्याची क्षमता पूर्ण आणि कायमची गेलेली हवी, आणि ती तशी सलग १२ महिने राहिलेली हवी. घोगऱ्या आवाजाने भाजी मागू शकणाऱ्या नटाला त्यातून रुपया मिळत नाही. एकसारख्या व्याख्येने ग्राहकाचं एक भलं झालं : पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या शब्दांत फट ठेवायची, ते थांबलं. पण कसबी माणसाच्या बारीक नुकसानीला त्या चौकटीत जागा उरली नाही. गंभीर आजाराची पॉलिसी घ्या, कर्करोग आणि हृदयविकारासाठी घ्या. गळ्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

या सगळ्याच्या आधी, आजच्या आज करण्यासारखं : प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयाला, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. प्रधानमंत्री जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयाला, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. मच्छीमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमा आहे, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, रुग्णालयासाठी २५ हजार. त्याचा हप्ता सरकार भरतं, पण यादीत नाव असायला हवं. सोसायटीच्या सचिवाकडून स्वतःच्या डोळ्यांनी यादी बघा.

पाचवी पायरी : अर्ज स्वतः भरा

मशेरी, तंबाखू, दारू, साखर, रक्तदाब, मागची ऑपरेशनं. सगळं लिहा. आमच्या एका नटाच्या अर्जावर एजंटने सगळीकडे ‘नाही’ लिहून टाकलं होतं. नट दिवसाला दोन पुड्या तंबाखू खातो हे त्या एजंटला माहीत होतं, ते दोघं एकाच बाकावर बसायचे. आम्ही पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत परत केली आणि नव्याने, खरं लिहून घेतली. ही ३० दिवसांची मुदत प्रत्येकाचा हक्क आहे. हप्ता थोडा वाढला.

विमा कायद्याचं ४५ वं कलम म्हणतं की तीन वर्षं झाल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. हे कलम ग्राहकाच्या बाजूने फार मोलाचं आहे. पण पहिली तीन वर्षं काढायची असतात, आणि समुद्र तेवढं थांबत नाही.

एजंट हप्त्यातले पैसे परत देतो म्हणाला तर घेऊ नका. कलम ४१ प्रमाणे देणाराही दोषी आणि घेणाराही.

सहावी पायरी : हप्त्याची तारीख हंगामाप्रमाणे

कायद्याने हप्ता हातात पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. उधारी नाही. त्यामुळे नूतनीकरणाची तारीख ही कोकणात जीवन-मरणाची बाब आहे. बोटवाल्याची पॉलिसी जूनमध्ये संपत असेल तर बंदी लागलेली, खलाशी गावी गेलेले, जाळी दुरुस्तीचा खर्च डोक्यावर, आणि हप्ता राहतो. मग ऑगस्टमध्ये बोट विम्याशिवाय लोटली जाते, नेमक्या खवळलेल्या दर्यात. तारीख ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणून ठेवा. दशावतारी मंडळांची उलटी गत : कार्तिकात जत्रा सुरू होतात, हातात पैसा खेळतो तो माघ-फाल्गुनात, म्हणून आम्ही मार्च धरला.

विमा जिथे पोचत नाही

गळा, नजर, अंदाज यांचं काय करायचं? दोन गोष्टी आम्ही केल्या. एक, सुपारीच्या कागदावर वाक्य घातलं : मुख्य नट आजारी पडल्यास मंडळ दुसरा नट उभा करेल किंवा आगाऊ रक्कम परत देईल, त्यापलीकडे भरपाई नाही. समित्यांनी कुरकुर न करता मानलं. दोन, प्रत्येक नाइटमागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात, पाच जणांच्या सह्यांनीच निघणारी. तांडेलाच्या बाबतीत मामेभावाने एका तरुण खलाशाला सुकाणूपाशी बसवायला सुरुवात केली, वाटा थोडा वाढवून. म्हाताऱ्या तांडेलाला आधी ते रुचलं नाही. “माका काढूचा आसा काय?” असं त्याने थेट विचारलं. त्याच्या घरच्यांची पॉलिसी त्याच्या हातात दिल्यावर तो पोराला शिकवू लागला.

दावा

अपघात झाला की त्याच दिवशी दवाखान्याच्या कागदावर कारण स्पष्ट लिहून घ्या. ‘बोटाला इजा’ असं मोघम नको, ‘टेम्पोचा फाळका पडून इजा’ असं हवं. पोलिसांत नोंद करा. कंपनीला त्या आठवड्यातच लेखी कळवा. रक्तात दारू सापडली तर अपघाताचा दावा बहुधा जातोच, हे जत्रेला निघण्याआधी मंडळात मोठ्याने सांगा.

समुद्रात माणूस बेपत्ता होतो तेव्हा फार अवघड होतं. देह मिळाला नाही तर कायदा सात वर्षं थांबायला सांगतो, मगच मृत्यू गृहीत धरतो. त्याआधी दावा मंजूर व्हायचा असेल तर तो माणूस त्या दिवशी त्या बोटीवर होता आणि ती बोट संकटात सापडली याचा भक्कम पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक फेरीला, खरंच प्रत्येक फेरीला, बोटीवर कोण कोण आहे याची यादी किनाऱ्यावर ठेवा. मामेभावाची वहिनी तांडेलापासून भंडाऱ्यापर्यंत (बोटीवरच्या स्वयंपाक्यापर्यंत) सगळ्यांचा फोनवर एक फोटो काढून ठेवते, मागे बोटीचा नंबर दिसेल असा. दुर्घटना झालीच तर बंदर अधिकारी, तटरक्षक दल आणि पोलीस या तिघांकडच्या नोंदींच्या प्रती घ्या. आणि त्या सात वर्षांत पॉलिसीचा हप्ता बंद पडू देऊ नका.

नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यासोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद करा, फोनवरून १५५२५५. समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी पुण्याचं कार्यालय. ५० लाखांपर्यंतचा वाद तिथे चालतो, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालाकडे वैयक्तिक आणि गट पॉलिसी चालतात. धंद्याच्या नावावरच्या पॉलिसी मात्र एकल मालकीच्या धंद्याच्या किंवा सूक्ष्म उद्योगाच्याच चालतात. उद्यमची नोंदणी तिसऱ्या पायरीत करायला सांगितली ती यासाठी. नोंदणी नसलेली भागीदारी या दारातून परत फिरते आणि ग्राहक आयोगाकडे जाते.

आमचा पखवाजी आता मंडळाच्या सामानाचा हिशेब बघतो आणि झांजवाल्याच्या पोराला बोल शिकवतो, तोंडाने म्हणून. त्या पोराची पॉलिसी गेल्या मार्चमध्ये घेतली. तक्ता आधी मागवला, तर्जनीपुढचा आकडा पाहिला, तीन वर्षांची बँकेची पासबुकं जोडली आणि रक्कम पंचवीस लाखांची मिळाली.